नंदूची कव्हरं

स्टॉलवर बसलं की किस्से आपोआप साठतात, फक्त तोंड बंद ठेवून माणसं बघायची. मला तोंड बंद ठेवणं जमत नाही, तरी एवढे साठले!

पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर माझा जुन्या पुस्तकांचा स्टॉल होता. मोबाईलवर फक्त सापाचा गेम असायचा, तेव्हाची गोष्ट. रद्दीतून सुपरहिरोंची इंग्रजी कॉमिक्स यायची, पण कव्हरं फाटलेली. त्यांच्याकडे कुत्रंही बघायचं नाही. स्टॉल बंद करायची वेळ आली. तेव्हा माझा दोस्त नंदू, रिक्षांच्या नंबरप्लेट रंगवणारा, म्हणाला, "कव्हरं मी काढतो. चित्र बघून प्रश्न पडला पाहिजे. उत्तरासाठी माणूस घेतोच!"

नंदूला इंग्रजी येत नव्हतं. आतल्या गोष्टीशी त्याचा काही संबंधच नव्हता!

पहिलं कव्हर: हिरो कर्नाळ्याच्या सुळक्यावर बसून ढसाढसा रडतोय, हातात पापलेट. एक कंडक्टर ते घेऊन गेला आणि संध्याकाळी तणतणत परत आला. "आत पापलेट कुठंय?"

मी काहीबाही बडबडायला लागलो. नंदू शांतपणे म्हणाला, "पुढच्या अंकात."

कंडक्टरने पुढचा अंकही घेतला!

*

दुसऱ्या कव्हरवर हिरो स्वतःच्याच लग्नाच्या मांडवाला आग लावत होता. कळंबोलीचा एक ट्रक ड्रायव्हर ते बघून थबकला. "माझं रविवारी लग्न आहे, हे आधी वाचलंच पाहिजे!"

पंधरा दिवसांनी त्याची नवी बायको एकटीच आली. हळूच म्हणाली, "आग का लावली, ते ह्यांना सांगू नका. मला सांगा."

*

एक रिटायर्ड इंग्रजीचे सर मात्र भडकले. "आत हिरो बाई आहे आणि बाहेर हा मिशीवाला?"

"वेषांतर, सर!" नंदू म्हणाला.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा चित्र बघितलं आणि आणखी दोन घेतली.

*

आणि एकदा नंदूने भर समुद्रावर उडणारा हिरो काढला, दोन्ही हातांत माणसांनी भरलेली होडी. उरणची एक कोळीण पाटी डोक्यावर घेऊन बराच वेळ बघत उभी राहिली.

"दादा, ह्यो होडी उचलून नेतंय का खाली ठेवतंय?"

मी काहीतरी चावट बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "माजा पोर दर्यात हाय. परवा येनार व्हता. आजून आला नाय."

माझं तोंड पहिल्यांदाच बंद झालं.

"खाली ठेवतोय, मावशी," नंदू म्हणाला. "किनाऱ्यावर."

तिने मान हलवली आणि उरणची गाडी पकडायला गेली.

नंदूने ते कव्हर दोरीवरून काढलं, पिवळा डबा उघडला आणि होडीखाली वाळू रंगवायला बसला.