टोचणारा पत्रा

नामदेवकाकांवर अन्याय झाला तो गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. धरणाच्या पाण्यापलीकडच्या आमच्या वस्तीवरून माणसं अलीकडे आणणारी लोखंडी होडी ते तीस वर्षं चालवत होते. त्या सकाळी ओल्या पायांनी होडीच्या गुळगुळीत पत्र्यावर चढले, घसरले आणि दोर बांधायच्या खुंट्यावर डोकं आपटून जागीच गेले. फोन आला तेव्हा मी जिंतूरला पत्रकं छापून घेत होते. सरकारी कागदावर लिहिलं गेलं, 'वयोमानामुळे तोल गेला.' साफ खोटं! खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन होडीच्या काठावरून चालणारा माणूस होता हा.

तो पत्रा आधी गुळगुळीत नव्हताच मुळी. दर वर्षी दिवाळीआधी काका गंज घासून काढायचे, बोरी गावच्या बाजारातून आणलेला रंग द्यायचे आणि तो ओला असतानाच धुऊन वाळवलेली नदीची वाळू चाळणीनं वर पेरायचे, रंग दिसेनासा होईपर्यंत. वाळल्यावर सुटी वाळू झाडून रंगाचा एकच पातळ हात. "जाड दिला की वाळू बुडती," म्हणायचे. वाळायला दोन दिवस लागत. होडी बंद, घाटावर चिटपाखरू नाही, आणि काका एकटे शेळ्या-कुत्री हाकलत बसलेले. काकू गेल्यापासून घरीही तसंच होतं... शाळेत होते तेव्हापासून त्या दोन दिवसांत मी त्यांची भाकरी घेऊन जायचे. तिसऱ्या दिवशी पाय ओले करून, अनवाणी, मला सगळ्यांत आधी चढवायचे.

"टोचायलंय का, पुढारीणबाई?"

"लय टोचायलंय, काका."

"मंग नाच हिच्यावर भाषण करत. पडायची न्हाईस."

यंदा होडीसाठी मी तहसील कार्यालयाला निवेदन लिहिलं. लाइफ जॅकेट, नवा दोर, घाटाला पायऱ्या आणि होडीला नवा रंग. सही करताना काका थांबले. "रंग कशाला गं लिवलास?" मी म्हणाले, "साहेबांना एक सोपं द्यावं, काका. म्हणजे बाकीचं रेटून मागता येतं." हसले, सही केली. आठ दिवसांत नेमकी तेवढीच मागणी मान्य झाली. ठेकेदाराच्या माणसांनी काकांच्या वाळूवर चकचकीत निळ्या रंगाचे दोन जाड हात मारले. काका ओरडले, "आरं, वाळू बुडायलीय!" उत्तर मिळालं, "सरका आजोबा, सरकारी काम हाय." फोटो निघाला. विजय म्हणून मीच तो सगळ्यांना पाठवला. कोपऱ्यात काका पाठमोरे उभे आहेत, हे मला ते गेल्यावर दिसलं... अन्याय करणाऱ्यांच्या यादीत कार्यालय आणि ठेकेदाराखाली माझं नाव घाला.

होडी आजही तशीच निळी, चकचकीत चालते आहे. चालवणारा नवा आहे. शाळेच्या मुली रोज तिच्यावरूनच ये-जा करतात. रंग खरवडला तर गुन्हा दाखल करू, असं मला सांगण्यात आलंय. करा. काकांच्या दाराशी खिळ्याला त्यांची चाळणी होती, जाळीत अजून वाळू अडकलेली. ती मी घेऊन आलेय. नवी वाळू धुऊन पसरलीय. येत्या रविवारी सकाळी मी पत्रा घासायला बसणार. सह्या नकोत मला. जिंतूरपर्यंत एसटीनं या, पुढं मी घ्यायला येते. वाळायला दोन दिवस लागतील. ते दोन दिवस माझ्यासोबत होडीपाशी बसा.