झडीआड राहिलेलं समन्स

आमच्या घरी जप्ती आली तेव्हा मी एका परकराला नेफा घालत होते. तोवर जप्तीविषयी मी फक्त ऐकलेलं होतं. पोलीस येतात, आरडाओरडा होतो, भांडीकुंडी अंगणात फेकतात, सगळी आळी तमाशा बघायला जमते, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात एक घामाघूम बेलिफ घाटी चढून आला, ओटीवर टेकला, मी पुढे केलेला गुळाचा खडा तोंडात टाकून तांब्याभर पाणी प्यायला, आमच्या परसातल्या फणसाची चौकशी केली, आणि मग फार संकोचाने म्हणाला, "वैनी, त्या मशीनवरचा हात जरा काढा. ता मना जप्त करायचा हाय."

मी हात काढला नाही. उलट पायाने मशीन आणखी जोरात चालवलं.

तेवढ्यात मास्तर शाळेतून आले. मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळी रत्नागिरी त्यांना मास्तर म्हणे, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, तेव्हा इथेही मी मास्तरच म्हणते. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, बेलिफाच्या हातातला कागद सावकाश वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, "कोर्टाचा हुकूम आहे. न्यायचं तर नेऊ दे." घरात मांजर आलं काय आणि जप्ती आली काय, मास्तरांचा आवाज एकाच पट्टीत. त्या क्षणी मला बेलिफापेक्षा त्यांचाच राग आला.

आता हे मशीन कुठून आलं ते सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हाताने शिवत असे. झबली, टोपडी, पोलकी, चोळ्या. पुढे बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने हप्त्यांवर शिवणाची मशीनं द्यायला सुरुवात केली आणि मी हट्टाला पेटले. बाईमाणसाच्या नावावर मशीन द्यायला दुकानदार तयार होईना, म्हणून कागदावर सही मास्तरांची झाली. हप्ते मात्र माझ्या शिवणातून जात. मशीन मुंबईहून आगबोटीने आलं. आगबोट उभी राही दूर समुद्रात, तिथून पडावात माल उतरवीत आणि पडाव धक्क्याला लागे. त्या उतरवाउतरवीत आमच्या मशीनला समुद्रस्नान घडलं असणार, कारण पहिल्या दिवसापासून ते पातळ कापडावर टाका सोडायचं. जाड कापडावर शहाण्यासारखं वागे, मलमल दिसली की दर वितीला एक टाका गिळून टाकी. आणि माझं निम्मं शिवण तर बाळंतविड्याचं, म्हणजे सगळं मलमलीचं. मी दुकानदाराच्या गुमास्त्याला स्पष्ट सांगितलं, आधी मशीन दुरुस्त करून द्या, मग उरलेले हप्ते घ्या. गुमास्ता म्हणाला, बघतो. तो बघत राहिला आणि मी पैसे बाजूला काढून ठेवत राहिले.

गावात आमच्या मशीनवर कमी टीका झाली नाही. मास्तरांची बायको शिंपीण झाली, असं देवळात, विहिरीवर, हळदीकुंकवात सगळीकडे बोललं जाई. शाळेतले दुसरे मास्तर म्हणे यांना विचारत, 'काय, सध्या घरचं उत्पन्न जास्त की शाळेचं?' त्यावर हे काय उत्तर देत ते मला कधी कळलं नाही. मशीन चांगलं की वाईट, असावं की नसावं, याबद्दल त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांच्या मनातून ते नकोच असेल, असं मी धरून चालले होते. त्यामुळे 'नेऊ दे' हा शब्द मला फार लागला.

"पण खटला कधी झाला?" मी बेलिफाला विचारलं. "आम्हाला एक चिटोरंही आलं नाही."

"आला कसा नाय? मीच बजावलाय. खालच्या घरात." बेलिफ दुखावला. "कुलूप व्हता. मग दोन पंच घेतले आनि दाराला चिकटावला. तुमी कोर्टात हजर झाला नाय. एकतर्फी हुकूमनामा झाला."

खालचं घर म्हणजे खाडीच्या अंगाला आमचं आधीचं भाड्याचं घर. ते आम्ही वैशाखातच सोडलं होतं आणि या वरच्या घरात आलो होतो. दुकानदाराच्या दफ्तरी जुनाच पत्ता. गंमत बघा, समन्स बजावायला या मनुष्याला आमचं नवं घर सापडलं नाही आणि जप्तीला तो एका दमात घाटी चढून आला. मी तसं तोंडावर म्हटलं तेव्हा त्याने शांतपणे खुलासा केला, की समन्सावर जो पत्ता असेल तिथे जायचं हा त्याचा धर्म, आणि जप्तीत माल जिथे असेल तिथे. कायद्याने त्याचं बरोबर असेलही.

मी हट्ट धरला, की मला ते समन्स बघायचंच आहे. मग आमची वरात निघाली. पुढे मी, मागे बेलिफ, त्याच्या मागे छत्री घेऊन मास्तर. खालच्या घरी पोचलो तर दार दिसेना. दसरा होऊन गेला तरी घरमालकाने झड काढलेली नव्हती. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडी घराच्या पुढल्या अंगाला नारळाच्या झावळ्या विणून आडोसा बांधतात, तीच झड. समुद्रावरून आडवा येणारा पाऊस ती अंगावर घेते. चार महिने घर आतून अंधारं राहतं, पण भिंती वाचतात. घर रिकामं असलं तर मालक पुढला दरवाजाही झडीने झाकून टाकतो, कारण उघडझाप करायला आहे कोण?

झड सोडायला शेजारच्या बागेतला माडावर चढणारा गडी बोलावला. त्याने झावळ्या उपसल्या, आणि मागे दारावर आमचं समन्स! चार महिने रत्नागिरीचा पाऊस झेललेल्या घरात तो कागद आज चिकटवल्यासारखा कोरडा खडखडीत. मास्तरांचं नाव, सबजज्ज साहेबांचा शिक्का, हजर राहण्याची तारीख, सगळं लख्ख वाचता येत होतं. बेलिफाचं तोंड उजळलं. "बघा! हाय की नाय? खळ कशी लावलीय बघा, एक कोपरा सुटलेला नाय!"

त्यावर तो गडीही पुढे सरसावला. "खळ तुमची, पन राखला आमी," तो म्हणाला. "पंच म्हनून अंगठा कोनी दिलान? आमी दोगांनी. आनि दुसऱ्या दिवशी झड बांदायला आमीच. मी म्हटला, सरकारी कागूद हाय, भिजला तर आपल्यावर येल. म्हनून त्या जागेला दोन झावळ्या जास्त बांदल्या."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या दोघांनी आमच्या दारावर नोटीस लागल्याची साक्ष दिली, त्याच दोघांनी दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या दृष्टीला पडू नये असा पक्का बंदोबस्त केला, तोही सरकारच्या मानासाठी. मास्तर मात्र पहिल्यांदाच जरा ताठ झाले. त्यांनी गड्याला विचारलं, "हे तू कोर्टात सांगशील?" "सांगीन की," तो म्हणाला, "चांगला काम केलाय, सांगायला काय?"

तरी जप्ती टळली नाही. आमच्या वकिलाने एकतर्फी हुकूमनामा रद्द व्हावा म्हणून अर्ज दिला, पण त्याची सुनावणी होईपर्यंत मशीन शेजाऱ्यांच्या ताब्यात ठेवण्यात आलं. शेजार म्हणजे परसातल्या दगडी गडग्यापलीकडचं घर. बेलिफाने सुतळी बांधली, लाख लावली, आणि शेजारीणबाईंना बजावलं, की यावर कोणी बसू नये, कोणी शिवू नये. त्या बाईंनी हा हुकूम अक्षरशः पाळला. शिवलं नाही आणि बसल्याही नाहीत. फक्त मशीनच्या फळीवर रोज, पावसाळ्यात ओल धरलेली आमसुलं वाळत घातली. मी गडग्याशी उभी राहून बघायची आणि आमसुलाचा रस कुठे कुठे गळत असेल याचा विचार करत तळमळायची. दिवाळीची कापडं एकेकीला परत केली. काहीजणींनी 'अगं राहू दे, नंतर शिव' म्हटलं. काहीजणींच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मशीन गेलं असतं तर मी पुन्हा हाताने शिवलं असतं, जीव गेला नसता. पण माझं म्हणावं असं घरात दुसरं काही नव्हतं. दागिने माहेरचे किंवा सासरचे, भांड्यांवर सासऱ्यांचं नाव. या एका वस्तूसाठी मी पै-पै घातली होती, आणि ती लाख लावून शेजारी ठेवली होती.

सुनावणीच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाशी बसले. आत काय चाललंय ते दारातून दिसत आणि ऐकू येत होतं. सबजज्ज साहेब घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. पावसाळा त्यांनी सरकारी बंगल्यातल्या काचेच्या खिडक्यांआडून काढलेला. आमच्या गड्याने झडीची हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली, दोन जास्तीच्या झावळ्यांसकट. साहेबांना ते काही उमजेना. दुकानदाराच्या वकिलाने संधी साधली. ते उठून म्हणाले, की झावळ्या म्हणजे काही भिंत नव्हे, पानांच्या फटीतून कागद कोणालाही दिसला असता.

साहेबांनी त्यांना विचारलं, "वकीलसाहेब, आपण इथलेच ना? आपल्या घराला ही झड असते?"

"असते."

"तिच्यातून आपल्याला आपलं दार दिसतं?"

वकील रत्नागिरीचे. पक्षकारासाठी काय वाटेल ते बोलले असते, पण सगळी आळी मागे बसलेली. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "दिसायला लागलं तर झड बदलावी लागते, साहेब."

कोर्टात हशा पिकला. घर सोडून गेलेल्या माणसाच्या जुन्या दारावर लावलेलं समन्स म्हणजे बजावणी नव्हे, असं म्हणून साहेबांनी हुकूमनामा रद्द केला. मग घड्याळाकडे बघून ते म्हणाले, "आजच मिटत असेल तर मिटवा. मास्तर, तुम्ही हप्ते का थांबवले?"

मास्तरांना पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली.

"मशीन पातळ कापडावर टाका सोडतं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही चालवून पाहिलंत?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"ती म्हणाली."

पुन्हा हशा. दुकानदाराच्या वकिलाला आता उसनं अवसान आलं. "बायको म्हणाली म्हणून देणं थांबवलं, साहेब! एवढाच यांचा बचाव आहे."

मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मला वाटलं, आता हे नेहमीच्या पट्टीत 'कोर्ट म्हणेल तसं' म्हणतील आणि मशीन जाईल. पण मास्तरांनी आवाज जरा वर चढवला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून चढवत, तेवढा.

"एवढाच आहे," ते म्हणाले. "मशीन माझं नाही, तिचं आहे. कागदावर माझं नाव आहे, कारण बाईच्या नावावर द्यायला हे तयार नव्हते. एकही हप्ता माझ्या पगारातून गेलेला नाही. माझ्या अंगातला हा सदरा तिने शिवलाय, माझ्या मुलांचे कपडे तिने शिवलेत, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरची झबलीसुद्धा तिचीच आहेत. मला सुईत दोरा ओवता येत नाही. मशीन चालतं की नाही हे तिने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? ती बाहेर बसली आहे. तिला विचारा."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याबद्दल इतकी वाक्यं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती, आणि ती बोलायला त्यांनी जागा शोधली ती भर कोर्टातली, सगळ्या आळीच्या देखत.

मला आत बोलावलं. टाके कुठे आणि कसे सुटतात ते मी नीट सांगितलं. सोबत नेलेलं एक झबलंही दाखवलं. साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि गुमास्त्याकडे दिलं. गुमास्त्याने सुटलेला टाका नखाने चाचपला आणि मान डोलावली. दुकानदाराने मशीन दुरुस्त करून द्यावं, दुरुस्त झाल्यावर मी उरलेले हप्ते भरावेत, जप्ती उठवावी, असं ठरलं. समजुतीच्या कागदावर मास्तरांची सही झाली. मग मास्तरच कोर्टाच्या शिरस्तेदारांना म्हणाले, "खाली तिचीही घ्या," आणि शिरस्तेदारांनी नाक मुरडत का होईना, टाक माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मशीन गडग्यावरून उचलून घरी आणलं. आमसुलांचे डाग पुसता पुसता राहवेना म्हणून मी विचारलं, "अहो, हे सगळं तुमच्या मनात होतं तर इतकी वर्षं घरात कधी एका शब्दानं बोलला नाहीत ते?"

मास्तर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "घरात मला कोणी शपथ घातली नव्हती."