वच्छलाबाईंचे सारवलेले अंगण

बुलढाण्यातील आमच्या गल्लीत कचेऱ्या उघडण्यापूर्वीच वच्छलाबाईंचे अंगण कुत्र्यांनी भरते. मालक मंडळी नोकरीवर जातात आणि बाई त्यांची जनावरे दिवसभर सांभाळतात. वैधव्यानंतर दुसरबीडहून आलेल्या या बाईंनी हा उद्योग एकटीने उभा केला, एवढे मान्य करावेच लागते.

माझा ब्रूनोही तेथेच असे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. घरी माझे म्हणावे असा तो एकच जीव. परंतु सायंकाळी न्यायला गेलो की तो बाईंच्या पायांशी अंग चोरून बसे. बाईंनी त्याचे नावसुद्धा बदलले होते.

"भुऱ्या, तुये सर आले. जाय ना बे घरी!" असे म्हणून त्या हसत. ते हसणे मला रात्रभर सले.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ब्रूनो खंगला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, शौच काळे होऊ लागले. पशुवैद्यांनी तपासणीअंती आतड्यांत रक्त शोषणारे अंकुशकृमी असल्याचे सांगितले. त्यांच्या अळ्या ओलसर मातीत जगतात आणि पंजांतूनही शरीरात शिरतात. मला तत्काळ ते अंगण आठवले. बाई मोठ्या अभिमानाने दोन्ही वेळा शेणाचा सडा घालीत आणि ऊन अडवणाऱ्या वरच्या हिरव्या जाळीमुळे ती जमीन कधी वाळतच नसे.

हे मी बाईंना सर्व मालकांसमक्ष, सविस्तर सांगितले.

"मंग मी घान ठेवते म्हनता का, सर?"

"नाही. तुमचा सडाच घातक आहे."

बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाळी काढली, सडा बंद केला आणि त्या विष्ठा लगेच उचलून पुरू लागल्या. सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी औषध देववले. एकाही मालकाने तेथून कुत्रे हलवले नाही. मी मात्र रजा टाकून ब्रूनोला घरी ठेवले. आता तरी तो माझा होईल, अशी अपेक्षा होती.

पशुवैद्यांच्या पहिल्या मात्रेने तो सावरला, पण दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसे. दुसरी गोळी घरीच द्यायची होती. मी ती पेढ्यात दडवली, दुधात विरघळवली. त्याने तोंड फिरवले. गोळी चुकली तर कृमी पुन्हा वाढणार होते. अखेर साखळी धरून बाईंच्या दारी गेलो.

त्यांनी भाकरीच्या तुकड्यात लोणी घालून गोळी दडवली. "खाय बे, भुऱ्या." त्याने ती गिळली आणि त्यांचा हात चाटला.

"राहू देता का याले, सर? का अजून राग हाये आंगनावर?"

अंगण कोरडे ठणठणीत होते. मी कोपरा न् कोपरा न्याहाळला. बोट ठेवायला काही सापडले नाही.

"सायंकाळी येतो," म्हणालो आणि साखळी सोडली. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.