देवरे मॅडमची सही

संगणकावर नव्या अपडेटची सूचना आली, की देवरे मॅडम आधी चष्मा काढायच्या, मॉनिटरच्या डोक्यावर तळवा ठेवायच्या आणि तापलेल्या लेकराला विचारावं तसं विचारायच्या, "आते काय शे तुले?" एरवी त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. दमल्या की नामपूरची अहिराणी वर यायची, आणि शेवटच्या वर्षांत ती रोजच वर येत होती.

आमचा कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. विजेच्या पॅनेलचे सुटे भाग बनवतो. बिलं, साठा, गाड्यांचे गेटपास, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते सांभाळणारी माणसं दोनच, मॅडम आणि मी. कधी सुरक्षेचा अपडेट, कधी जीएसटीचा नवा नियम, कधी बड्या गिऱ्हाइकाची नवी अट. एक निस्तरतोय तोवर दुसरा दारात हजर! मी वैतागून म्हणायचो, "मॅडम, हे संपणार कधी हो?"

"आपण संपल्यावर," असं म्हणून त्या डब्यातली ठेचा-भाकरी माझ्याकडे सरकवायच्या.

अपडेटची नुसती ईमेल पाठवून मोकळं होणं त्यांना कधी जमलं नाही. अपडेटच्या आधी त्या सगळ्या प्रणालीची नक्कल तयार करायच्या आणि प्रत्येकाला त्या नकलेवर त्याचं रोजचं काम करून बघायला लावायच्या. "आधी नकलेवर मरा, मग खऱ्यावर जगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अकाउंट्सवाले कुरकुरायचे, स्टोअरवाले नेमके तेव्हाच चहाला पळायचे. मॅडम गुडघे धरत कँटीनपर्यंत जाऊन त्यांना परत आणायच्या. "मशीन ऐकतं रे," त्या मला म्हणायच्या, "माणसांनीच जीव खाल्लाय माझा."

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने अट घातली. प्रत्येकाने स्वतःच्याच नावाने लॉगिन करायचं, ओटीपी स्वतःच्याच मोबाइलवर घ्यायचा. आणि यादीतल्या प्रत्येक नावामागे कामावरचा माणूस आहे, अशी हमी मॅडमनी सही करून द्यायची. सगळी नावं जुळली, एक सोडून. डिस्पॅचचे भास्करमामा.

मामा वारले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या नावाला सगळे अधिकार होते आणि पासवर्ड अख्ख्या डिस्पॅचला पाठ. मॅडमनी ते नाव बंद करायचं म्हणून वर विचारलं, तर दरवेळी "राहू द्या, काम अडतं" असं उत्तर आलं. तोवर तिकडे प्रथाच पडली. सकाळची पहिली गाडी मामांच्या नावाने सोडायची. कारभारी, म्हणजे डिस्पॅचचा मुख्य, कीबोर्डला हात लावून कपाळाला लावायचा आणि मगच पासवर्ड टाकायचा. एकदा उघडलेलं नाव बदलायचा कंटाळा. मग दिवसभर सगळ्या गाड्या मामाच सोडायचे.

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी मॅडमना बोलावलं. "मामांच्या नावापुढे कारभारीचा मोबाइल टाका आणि करा सही. कोण बघतंय? डिस्पॅचच्या पोरांना दुखवून भर सीझनमध्ये गाड्या अडकवू नका."

"साहेब, खाली सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मेलेला माणूस कामावर येतो असं लिहून मी निवृत्त होऊ?"

बाहेर आल्यावर मीही म्हटलं, "द्या ना करून. कशाला डोक्याला ताप?" त्यांनी हमीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डिस्पॅचला गेल्या, मी मागोमाग. कारभारी टेबल अडवूनच उभा. सायखेड्याचा माणूस, आवाज मोठा. "मॅडम, मामाचं नाव काढू नका. लय जीव लावला त्यांनी आम्हाला. तेवढंच तर ऱ्हायलंय त्यांचं हितं."

मॅडम एका खोक्यावर टेकल्या. दम खाल्ला. मग म्हणाल्या, "कारभारी, दिवाळीआधी पुण्याला चुकीचा माल गेला होता, आठवतं?"

"हाय की. परत आला सगळा. लय बोंबाबोंब झाली."

"कोणाच्या नावावर गेला होता?"

कारभारीने मागे वळून कीबोर्डकडे पाहिलं.

"मामांनी उभ्या आयुष्यात एक गाडी चुकवली नाही. आता चुका तुम्ही करता आणि चिकटतात त्यांच्या नावाला. उद्या ऑडिटवाला वाचेल, भास्करने माल चुकवला. मामा येणार आहेत का उत्तर द्यायला?"

कारभारीने गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. "काढा मॅडम," म्हणाला, "पण मी हितं थांबत नाय." आणि बाहेर गाड्यांकडे निघून गेला.

मॅडमनी नाव बंद केलं. हमीवर सही केली. परत येताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "थकले रे बाबा." मला त्यांची फार कीव आली; आमच्या दोघांचीच आली, खरं तर.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शाल, पुष्पगुच्छ, सामोसे झाले. भाषण आटोपल्यावर साहेब माझ्या कानाशी लागले, "मॅडमचं लॉगिन महिनाभर चालू ठेवा. अडलं तर उपयोगी पडेल." मी मान डोलावली.

मॅडम शाल सावरत थेट माझ्या टेबलाशी आल्या. "बंद कर."

"उद्या करतो हो. आज तुमचा दिवस आहे."

"आत्ता. माझ्यासमोर. मी घरी पोळ्या लाटत असेन आणि इथे माझ्या नावावर कोण काय करून ठेवेल, हा घोर घेऊन मला म्हातारपण काढायचं नाही."

मी बंद केलं. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसेना. वाकून स्वतःच पासवर्ड टाकून पाहिला. नाकारला. पुन्हा टाकला. पुन्हा नाकारला. इतक्या वर्षांत मी त्या बाईला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"सुटले बाई एकदाची!" म्हणाल्या, आणि कंपनीची बस धरायला अशा झपाझप निघाल्या, की पुष्पगुच्छ माझ्याच टेबलावर राहिला.