शुभदाबेनची सही

आमच्या ऑफिसात 'चालशे' हा गुजराती शब्द दिवसभर कानावर पडायचा. चालेल, होऊन जाईल, कशाला डोकं खाता, एवढे सगळे अर्थ त्यात. शुभदाबेन मान वर न करता विचारायच्या, "कोणाला चालशे?"

सुभानपुऱ्यातल्या मराठी घरातल्या त्या. छाणीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मात्र सगळ्यांच्या, माझ्याही, शुभदाबेन. आम्ही रुग्णाच्या उशाशी ठेवायचे, हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर बनवायचो. त्यांचं सॉफ्टवेअर तपासणं हे बेनचं काम. इंटरनेटवरून दुसऱ्याने बांधून ठेवलेली लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, उतरवून घेणं त्यांना पसंत नसे. "मूळ कोड आण. कशी बांधलीय ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही." मग बांधणीच्या सेटिंगची फाइल छापून पेन्सिलीने ओळ न् ओळ वाचायच्या. आम्ही पाठीमागे हसायचो.

नव्या मॉनिटरच्या वेळी मी घाईत तयार लायब्ररीच वापरली आणि काही न बघताच तपासणीच्या कागदावर माझी सहीही ठोकली. बेननी सही करण्याआधी छातीला लावायची वायर उपसली. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. पडद्यावर जुनाच आकडा ठाण मांडून बसला.

मॅनेजर जिगरभाई म्हणाले, "वायर घट्ट लावा, असं माहितीपत्रकात लिहू. माल उद्या निघतोय. चालशे, बेन."

"नाही चालशे. ज्याची वायर सुटेल तो माहितीपत्रक वाचत बसणार आहे का?"

"सही करा, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो."

"द्या. माझी सही मिळणार नाही."

त्यांनी मला शेजारी बसवून लायब्ररीचा मूळ कोड उघडायला लावला. बांधणाऱ्याने वेगासाठी एक सेटिंग चालू ठेवलं होतं. त्यामुळे निरर्थक आकडा कधी येणारच नाही असं धरलं जाई, आणि तो ओळखणारी कोडमधली ओळ बांधतानाच गळून पडे. वायर सुटल्यावर नेमका तसाच आकडा येत होता. बेननी ते सेटिंग बंद करून लायब्ररी मूळ कोडपासून पुन्हा बांधायला घेतली. बांधणी दोनदा अडली, दोन्ही वेळा त्या मला उठू देईनात. तिसऱ्यांदा पुरी झाली. वायर उपसली, तसा भोंगा असा कोकलला की शेजारच्या वर्कशॉपमधला माणूस धावत आला.

तेव्हा कुठे बेननी सही केली. माल नव्या बांधणीसह गेला, एक दिवस उशिरा.

जिगरभाई तो दिवस विसरले नाहीत. महिन्याभरात तपासणीचं काम काढून घेऊन त्यांनी बेनना माहितीपत्रकं लिहायला बसवलं. तिसऱ्या दिवशी बेननी राजीनामा दिला.

मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. "तू सही का केली होतीस रे?" त्यांनी विचारलं.

"सगळे करतात म्हणून."

"खरं बोललास. आता तसं करू नकोस."

तेवढ्यात जिगरभाई बाहेर आले. "बेन, अजून विचार करा. या वयात कुठे जाल?"

"विचार केला, म्हणूनच चाललेय," बेन म्हणाल्या आणि स्कूटर सुरू केली.