गोड्या पाण्याचे पिंप

आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळी आटोपताच मी आणि दशरथ आसगावहून निघालो. मी गावातल्या शाळेत मास्तर. दशरथ ढिवर, माझ्याच वयाचा, बोडीत (लहान तळ्यात) जाळे टाकून पोट भरणारा. आमच्या शाळेत एक कोकणातले शिक्षक होते. त्यांचे थोरले भाऊ रत्नागिरीकडे शिडाच्या गलबतावर तांडेल (गलबताचा प्रमुख) होते. मंगळूरला जाऊन कौले भरून आणण्याची त्यांची खेप होती आणि त्यांनी मला बोलावले होते. पाण्याचा माणूस सोबत असला म्हणजे धीर, म्हणून मी दशरथला विचारले. तो म्हणाला, "येतो जी. एवढं पानी कोनं सोडलं असन, पाहून तं येऊ."

अड्याळला एसटीत बाजाराची गर्दी चढली. मुरमुऱ्यांची पिशवी आणि जवसाच्या चटणीचा डबा मांडीवर धरून दशरथ भंडाऱ्यापर्यंत अवघडून बसला. पुढे रेल्वे, मग पुन्हा एसटी. चौथ्या दिवशी आम्ही गलबतावर पाय ठेवला.

जाताना समुद्र शांत होता. दशरथने पाण्यात बोट बुडवून चाखले आणि तोंड वाकडे केले. "मासे कसे जगतेत जी यात?" खलाशी पोट धरून हसले. पण दोन दिवसांत तो त्यांच्या बरोबरीने दोर ओढू लागला. मी मात्र काठ धरून ओकत होतो. जेवायला भाताची पेज आणि भाजलेला सुका बांगडा असे. दशरथने आमची जवसाची चटणी सगळ्यांना वाटली आणि ती दोन दिवसांत संपली.

परतीला वारा समोरचा. अशा वेळी गलबत खोल समुद्रात नेऊन तिरके तिरके आणावे लागते. मंगळूर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी जमीन कुठेच दिसेना. चौथ्या दिवशी सकाळपासून पश्चिमेकडचे आभाळ काळवंडले आणि दुपारी वारा फुटला.

तांडेलांनी मोठे शीड उतरवले. समोरच्या लाटेला नाळ (गलबताचे पुढचे टोक) द्यायची, आडवे व्हायचे नाही, एवढे एकच काम सुकाणूवर दोघे जण करत होते. कौले सरकली तर गलबत कलंडेल, म्हणून तिघे खाली उतरून थरांत काथ्याच्या चटया कोंबत होते. दशरथ आणि उरलेला खलाशी कमरेला दोर बांधून आत आलेले पाणी उपसत होते.

"गुरुजी, खाली बसा!" तांडेल ओरडले. "उभा माणूस पहिला जातो."

मी बसलो, पिंपाला टेकून. आमचे पिण्याचे पाणी त्या लाकडी पिंपात होते. सगळे राबत होते आणि मी ओझे होऊन बसलो होतो. एवढ्यात पाऊस कोसळू लागला. आमच्याकडे पाऊस आला की पागोळ्यांखाली घरातले प्रत्येक भांडे जाते. मला वाटले, निदान एवढे तरी आपण करू. मी पिंपाचे झाकण काढले. दुसऱ्याच क्षणी एक लाट काठावरून आत आली, माझ्या डोक्यावरून गेली आणि पिंपात शिरली. मी झाकण घट्ट बसवले. मला कोणी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. एका खलाशाने पाण्याचा घोट घेतला आणि थुंकला.

"पिंपाकडं शेवटचा कोण गेला होता?" तांडेलांनी विचारले.

"मी गेलतो जी," दशरथ म्हणाला. "काल दुपारी पानी पेलो. झाकन लावलं होतं... लावलंच असन."

"अरे भंडाऱ्याच्या," एक खलाशी उखडला, "हे तुझं तळं नाय, वाकलास नि प्यायलास!"

मी शेजारीच उभा होतो.

एक लहान पिंप तेवढे शिल्लक होते. पडलेल्या वाऱ्यात किनारा किमान पाच दिवस दूर, माणसे नऊ. प्रत्येकाला दिवसाला तीन वाट्या पाणी ठरले. पाऊस का धरला नाही, असे मी तांडेलांना विचारले. ते म्हणाले, "आधी लाटा थांबाव्या लागतात. मग खारं झालेलं शीड पावसातच धुवायचं, मग त्यात पाणी धरायचं. आमच्या लाटा थांबल्या तेव्हा पाऊस गेला होता."

दशरथ एकच वाटी घेई. उरलेल्या दोन वाट्या खलाशांकडे सरकवी.

"पी ना रे," मी म्हणे.

"नोको जी. माह्या हातून झालं."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोर ओढता ओढता तो गुडघ्यावर बसला. ओठ फुटले होते आणि डोळे आत गेले होते. मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितले, "झाकण मी उघडलं होतं. पाऊस धरायला."

मग तांडेल म्हणाले, "तीन दिवस गिळून बसलात?" त्यांनी पाण्याची वाटी माझ्या हातात दिली. "आता पाणी तुम्ही वाटायचं. तुमची वाटी शेवटी."

पहिली वाटी मी दशरथच्या तोंडाला लावली. तो शिव्या देईल, असे मला वाटले. तशी माझी इच्छाही होती. पाणी पिऊन त्याने डोळे उघडले.

"म्हंजे म्या झाकन लावलं होतं नं, गुर्जी?"

"लावलं होतंस."

"तेच तं! मले सारखं वाटत होतं, लावलं होतं म्हणून." आणि तो हसला. फुटलेल्या ओठातून रक्त आले.

सहाव्या दिवशी किनारा दिसला. तोवर रोज नऊ वाट्या तीनदा, थेंब न सांडता, मी वाटल्या. शाळेत एवढ्या काळजीने मी काही वाटल्याचे आठवत नाही.

आसगावला परतल्यावर तलावाच्या पाळीवर लोक जमले. दशरथ रंगवून सांगत होता, "एवढी लाट आली, पिंपाचं झाकनच उचलून नेलं!" लोक "बापा बापा" करत होते. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी मान डोलावली. गलबतावर नऊ माणसांत बोललेले खरे माझ्या गावात, माझ्या विद्यार्थ्यांसमोर, मी पुन्हा गिळले.

त्याला दहा वर्षे झाली. लाटेने काही नेले नव्हते, हे मला गावाला सांगायचे आहे, म्हणून हे प्रवासवर्णन. काल दशरथच्या अंगणात बसून त्याला तसे म्हणालो. तो जाळे विणत होता.

"लिवा नं जी," तो म्हणाला. "पन तुमी सगळ्यायसाठी पानी धराले गेलता, ते बी लिवा."