जान्हवी नावाची फरार बाई

ही घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कपाळावर हात मारून घ्यायची वेळ माझ्यावर आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही विलायतेत, वॉटफर्डला, मुलीच्या डायनिंग टेबलावर. या प्रकरणाची नोंद कुठल्याच स्टेशन डायरीत नाही. म्हणून ती इथे करतो.

खरी नावं सांगायची नाहीत ही आमची सवय. पण या केसमध्ये नावांशिवाय पाऊल पुढे पडत नाही, तेव्हा नावं बदलून सांगतो. नाव बदलल्यानेच सगळा घोळ झाला होता, हे पुढे कळेलच.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. आम्ही नवरा-बायको सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे गेलो होतो. तिथली मराठी कुटुंबं महिन्यातून एका रविवारी शाळेचा हॉल घेऊन जेवायला जमत. असंच जेवून परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, त्या समीरची दोन लग्नं झालीयेत म्हणे."

समीर म्हणजे नाशिकचा एक सॉफ्टवेअरवाला. वर्क परमिटवर आलेला, शेअरिंगच्या घरात राहणारा, हॉलमधल्या खुर्च्या न सांगता उचलून ठेवणारा पोरगा. त्याच्या हाउसमेटने म्हणे त्याचं व्हिसाच्या नकाराचं पत्र किचनमध्ये पडलेलं पाहिलं, आणि त्यात जान्हवी नावाच्या कुणा बाईचा उल्लेख होता. समीरच्या बायकोचं नाव मात्र अश्विनी. आता खबर आणि चहाडी यांत फरक असतो. खबऱ्याला बदल्यात काहीतरी हवं असतं, चहाडखोराला फक्त ऐकणारा हवा असतो. मी ती चहाडी म्हणून सोडून दिली.

पुढच्याच शनिवारी समीर स्वतः घरी आला. सोबत तीन जाडजूड फाइली. बायको आणि मुलीला इकडे आणण्याचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता, दुसऱ्यांदा करायचा होता. "काका, तुमचा कागदपत्रांवर हात बसलेला आहे, जरा नजर टाका ना," म्हणाला. त्याच्या मुलीचं नाव सई. तिच्या जन्माआधी तीन महिने हा इंग्लंडला आलेला. ती वर्षाची असताना पंधरा दिवस जाऊन आला, तेवढीच भेट. आता ती दोन वर्षांची झाली होती.

"मला ओळखत नाही काका ती," तो म्हणाला. "तिला बाबा म्हणजे फोन. बेल वाजली की ओरडते, बाबा आला. अश्विनीने सांगितलंय, या वेळी नाही झालं तर नोकरी सोड आणि परत ये. नाहीतर तुझं तू आणि आमचं आम्ही."

हे ऐकून मी चष्मा लावला आणि फाइल उघडली. पेस्लिप्स, काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं बिल, नव्या फ्लॅटसाठी लँडलॉर्डचं लेटर, मॅनेजरचं लेटर, लग्नाचे फोटो. फोटो किती? एकशे बारा! अक्षता टाकणारा शेजारीसुद्धा सोडला नव्हता. मी त्या फोटोंकडे बघतच राहिलो.

"अरे, नकार कशासाठी दिला ते पत्र कुठे आहे?"

त्याने एक कागद पुढे केला. त्यावर नेहमीचा मजकूर, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, दोनपैकी पान एक. डाव्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची दोन भोकं. ठाण्यात नवीन हवालदार आला की मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो, कागद वाचण्याआधी पानं मोज.

"दुसरं पान?"

"मिसप्लेस झालं बहुतेक."

"बरं." मी हिला चहा टाकायला सांगितलं. चौकशीत आवाज चढवणारा अधिकारी कच्चा असतो. समोरच्याला चहा द्यावा आणि सोपे प्रश्न विचारत जावं. लग्न कुठे झालं, जेवायला काय होतं, मुलीचा जन्म कुठला. तो सगळं भराभरा सांगत होता. कप अर्धा झाल्यावर मी त्याच सुरात विचारलं, "आणि जान्हवी सध्या कुठे असते?"

कप बशीत आदळला. पोरगं पांढरंफटक पडलं.

"काका, देवाशपथ, तसं काही नाही."

"मग कसं आहे? सांग. मी व्हिसा ऑफिसर नाही, पण मूर्खही नाही."

लॅपटॉपच्या बॅगेतून, चार घड्या केलेलं, ते दुसरं पान बाहेर आलं. त्यात सरळ लिहिलं होतं. मुलीच्या जन्मदाखल्यात आणि पासपोर्टवर आईचं नाव जान्हवी आहे. अर्ज करणारी बाई मात्र अश्विनी. तेव्हा अर्जदार या मुलीची आई असल्याचं सिद्ध होत नाही, आणि खऱ्या आईची संमती जोडलेली नाही. आता यात त्या अधिकाऱ्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

मग समीरने जबाब दिला. लग्नाआधी अश्विनीची एकच अट होती, माझं नाव बदलायचं नाही. हा हो म्हणाला. लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि याच्याकडून अंगठीने 'जान्हवी' लिहून घेतलं. अश्विनीने विधी म्हणून ते सोडून दिलं. पुढे बाळंतपण माहेरी पुण्याला ठरलं होतं, पण सत्यनारायणासाठी नाशिकला गेली असताना पोर तीन आठवडे आधीच आली. दवाखान्यात नोंदीचा कागद पुढे आला तेव्हा बाळंतीण झोपलेली होती. सासूबाईंनी आईचं नाव सांगून टाकलं, जान्हवी.

"मग अर्ज करताना अश्विनीला दिसलं नाही?"

"ती पुण्याला असते काका, नोकरीमुळे. दाखला माझ्या आईकडे होता. पासपोर्टचं, व्हिसाचं, सगळं नाशिकच्या एजंटने केलं. अश्विनीने फक्त खुणा केलेल्या जागी सह्या केल्या."

सही करणाऱ्याने कागद वाचायचा नसतो, असा आपल्याकडे अलिखित कायदाच आहे! या एका कायद्यापायी मी निम्मी कोर्टं भरलेली पाहिली आहेत.

"आणि नकार आल्यावर तू तिला काय सांगितलंस?"

"पत्र नाशिकला आलं होतं, एजंटने ते मला इकडे पाठवलं. मी म्हटलं, पेस्लिप्स कमी पडल्या."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुखणं एका नावाचं आणि हा गाढव त्यावर एकशे बारा फोटो चिकटवत बसला होता. मी आवाज न चढवण्याचा नियम तिथे मोडला.

"अरे शहाण्या, आईला वाईट वाटेल म्हणून गप्प, बायको चिडेल म्हणून गप्प, आणि पोर तिकडे टेलिफोनला बाप म्हणतेय! इथल्या हॉलमध्ये तुझी दोन लग्नं लावून मोकळे झालेत लोक. हेच उद्या अश्विनीच्या कानावर गेलं तर कुठल्या काउन्सिलचं बिल दाखवणार आहेस तिला?"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली आणि रागही आला. मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे सरकवला. "आधी बायकोला. सगळं सांग. माझ्यासमोर."

त्याने सांगितलं. मग अश्विनी म्हणाली, "इतके दिवस तुला माहीत होतं? मी इथे पोरीला रोज खोटं सांगतेय, बाबा लवकर नेणार म्हणून." पुढचं मी ऐकलं नाही. नवरा-बायकोच्या त्या बोलण्याला पंच लागत नाहीत. मी उठून बाहेर गेलो.

अश्विनीच्या सासूबाईंना फोन मात्र मी स्वतः लावला. बाई खमक्या होत्या.

"साहेब, आमच्यात रीतच आहे. सुनेचं नाव बदलतात. पत्रिकेवरून अक्षर काढून ठेवलं होतं मी."

"अहो बाई, पण सरकारदरबारी ही जान्हवी नाहीच."

"मग तिचा पासपोर्ट बदलून घ्या. जान्हवी करून टाका, हाय काय अन् नाय काय!"

मी डोकं धरलं. "बाई, तिची डिग्री, नोकरी, लग्नाचा दाखला, सगळं अश्विनीच्या नावावर आहे. तुमच्या एका शब्दासाठी ते सगळं बदलायचं? तुमच्या कागदाप्रमाणे सई जान्हवीची पोर आहे. मग जान्हवीला हजर करा. ती सापडत नाही तोवर तुमची नात तिच्या बापाकडे जात नाही. अस्तित्वातच नसलेली बाई मी कुठून पकडून आणू?"

त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "माझंही बदललं होतं साहेब. मी कुठे हायकोर्टात गेले?"

मी एवढंच सांगितलं की जन्माची खबर देणाऱ्या त्या होत्या, म्हणून महापालिकेत जाऊन नाव चुकीचं सांगितलं असं त्यांनाच लिहून द्यावं लागेल. कबुलीजबाब चोराकडूनही सहज मिळत नाही, ही तर सासू. पण पुढच्या सोमवारी अश्विनी सईला घेऊन नाशिकला गेली आणि बाईंनी सुनेच्या शेजारी उभं राहून सही केली. सही करण्याआधी त्यांनी अर्ज दोनदा वाचला, असं अश्विनीने नंतर सांगितलं.

सासूबाईंशी बोलणं झालं त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तणतणत होतो. "नसती रीत! चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव, बदलायचं कशाला?"

ही पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं बदललंत तेव्हा कुठे गेला होता हा पंचनामा?"

"तो विषय वेगळा," मी म्हणालो आणि हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावला.

जन्मदाखला दुरुस्त झाला, पोरीचा पासपोर्ट नव्याने निघाला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं. दुसऱ्या अर्जाची फाइल बोटाएवढीच जाड झाली, फोटो सहा. आमचे सहा महिने संपायला आठ दिवस राहिले असताना मायलेकी हीथ्रोला उतरल्या. सई आईच्या ओढणीमागून बाहेर यायला तयार नाही. समीर हात पसरून उभा, आणि ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघतेय.

दोन दिवसांनी तिघं आमच्याकडे जेवायला आले. आमच्या मुलीच्या घरातला फोन वाजला आणि सई ओरडली, "बाबा आला!" बाप समोर वरणभात कालवत बसलेला. फोन कुणा विमेवाल्याचा होता. समीर उठला, मोबाइल घेऊन बाहेर बागेत गेला आणि तिथून आमच्याच नंबरवर फोन लावला. अश्विनीने रिसिव्हर सईच्या कानाला लावला. तो बोलत बोलत दारातून आत आला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, बोलतच राहिला. तिने रिसिव्हरकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. मग रिसिव्हर खाली ठेवला आणि त्याच्या गालाला हात लावून बघितला.

हिने पदराने डोळे पुसले आणि विषय बदलायला म्हणून सईला जवळ घेतलं. "तुझं नाव काय गं?"

"सई."

"आणि आईचं?"

"अश्विनी." आणि मग लगेच, "तुझं काय?"

हिने एकदा माझ्याकडे पाहिलं. लग्नात मी तांदळात लिहिलेलं नाव शालिनी. रेशनकार्डापासून पेन्शनच्या कागदापर्यंत सगळीकडे तेच. माहेरची माणसं एकेक करून गेली तसं जुन्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं.

"कमल," ती म्हणाली.

माणसं कागदावर खोटं बोलतात ते बहुतेक वेळा लबाडीने नव्हे, घरातल्या कुणाला तोंड द्यायला नको म्हणून. हे मी त्या केसमध्ये शिकलो, आणि इतर कुणाला सांगण्याचा अधिकार मला नाही हेही शिकलो. एकेचाळीस वर्षं माझ्याच घरातून एक बाई फरार होती आणि तपास अधिकारी मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडून मी आत हाक मारली, "कमल, चहा झाला का?"